‘ओ’ ग्रुपचं रक्तही यांना चालत नाही! बॉम्बे ब्लड ग्रुपचं कोडं सुटतं ते पेशीच्या पडद्यावर

“तातडीने रक्त हवं आहे. ग्रुप - बॉम्बे. कृपया पुढे पाठवा.”

सोसायटीच्या, शाळेच्या किंवा नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा मेसेज कधी ना कधी येऊन गेलेला असतो. खाली हमखास कुणीतरी विचारतं, “मुंबईतलाच डोनर पाहिजे का?” आणि दुसरं कुणीतरी अगदी मनापासून लिहितं, “माझा ओ निगेटिव्ह आहे. तो तर सगळ्यांना चालतो. येऊ का?”

सगळ्यांना चालतो, हे एरवी खरं आहे. पण नेमका या पेशंटला चालत नाही. दिला तर जीवावर बेतू शकतं.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणजे मुंबईकरांचा रक्तगट नव्हे. मुंबईतल्या डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत १९५२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या रक्तगटाची पहिल्यांदा नोंद केली, म्हणून शहराचं नाव चिकटलं. पुढे शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं. भारतात साधारण १० हजारांत एका माणसाचा हा गट असतो असं मानलं जातं. युरोपात हेच प्रमाण १० लाखांत एक इतकं कमी आहे.

या लोकांना कुठलाही आजार नसतो. त्यांच्या शरीरात फक्त एक छोटीशी साखर एका ठराविक जागी बसलेली नसते. ती जागा कुठली, हे कळायला तांबड्या पेशीच्या कडेला जावं लागतं. आठवी-नववीच्या विज्ञानात ‘प्रद्रव्यपटल’ या नावाने जे पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो, तिथे.

रक्तगट रक्तात नसतो?

थोडं विचित्र वाटेल, पण रक्तगट ठरतो तो रक्ताच्या लाल रंगावरून किंवा आतल्या हिमोग्लोबिनवरून नाही. तो तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर लिहिलेला असतो. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, त्याला पेशीपटल म्हणू. या पटलावर काय काय उगवलेलं आहे, त्याचं वर्णन म्हणजे रक्तगट.

समजा कुणाचा ग्रुप ‘ए पॉझिटिव्ह’ आहे. यातलं ‘ए’ म्हणजे पटलाच्या बाहेर असलेली एक विशिष्ट साखर. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे त्याच पटलात रुतून बसलेलं आरएच-डी नावाचं एक प्रथिन. म्हणजे लायसन्सवर आणि आयकार्डवर आपण जे दोन शब्द छापून फिरतो, ते आपल्या पेशीपटलाच्या दोन वेगवेगळ्या भागांची माहिती असते. एक साखर, एक प्रथिन. तिसरा भाग मेदाचा, म्हणजे चरबीचा. तो सगळ्यांमध्ये असतो, त्यामुळे कार्डावर छापला जात नाही. पण पटल उभं असतं ते त्याच्याच जोरावर.

भुतं तयार करण्याची सोपी पद्धत

पेशीपटलाचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी सुरुवातीपासून तांबडी पेशीच पकडली, त्याला कारण आहे. इतर पेशींच्या आत केंद्रक असतं, मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांचीही आपापली पटलं असतात. सगळी सरमिसळ. माणसाच्या प्रौढ तांबड्या पेशीत यातलं काहीच नसतं. हिमोग्लोबिनने गच्च भरलेली पिशवीच ती. म्हणजे हिच्यात जे पटल सापडेल ते फक्त बाहेरचंच.

ते वेगळं काढायचं कसं? तांबड्या पेशी अगदी कमी मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पेशीच्या आत क्षार जास्त, बाहेर कमी, त्यामुळे पाणी आत शिरतं. पेशी फुगते, ताणते आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. मागे उरतं ते रिकामं, फिकट पटल. प्रयोगशाळेत याला खरोखरच ‘घोस्ट’, म्हणजे भूत म्हणतात.

सलाइनच्या बाटलीत साधं शुद्ध पाणी का नसतं, याचं उत्तरही यातच आहे. साधं पाणी थेट शिरेत गेलं तर तिथल्या तांबड्या पेशींची अशीच भुतं होतील. म्हणून त्यात ०.९ टक्के मीठ असतं. तेवढ्या मिठाच्या पाण्यात पेशी फुगतही नाही आणि आकसतही नाही.

स्वयंपाकघरातून निघालेलं उत्तर

हे पटल बनलंय कशाचं? १८९० च्या दशकात चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी शेकडो पदार्थ पेशींवर वापरून पाहिले. जे पदार्थ तेलात विरघळतात ते पेशीत भराभर शिरत होते. जे फक्त पाण्यात विरघळतात ते बाहेर अडकत होते. यावरून त्यांनी अंदाज बांधला, की पेशीचं आवरण तेलकट असलं पाहिजे.

साधारण त्याच सुमाराला जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात ॲग्नेस पॉकेल्स नावाची एक बाई घर सांभाळत होती. त्या काळी मुलींना विद्यापीठाची दारं बंद, त्यात घरी आजारी आईवडील. भांडी घासताना पाण्यावर पसरणाऱ्या तेलकट थराकडे तिचं लक्ष गेलं. तो थर किती जागा व्यापतो हे मोजायला तिने घरच्या घरी एक पन्हाळीसारखं उपकरण तयार केलं. तिने आपली निरीक्षणं लॉर्ड रॅले या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाला पत्राने कळवली आणि त्यांनी १८९१ मध्ये ती ‘नेचर’मध्ये छापून आणली. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी अशाच उपकरणावर काम करून १९३२ चं नोबेल मिळवलं. आज ते उपकरण बहुतेक वेळा लँगम्यूर यांच्या नावानेच ओळखलं जातं. असो.

१९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये एव्हर्ट गॉर्टर आणि एफ. ग्रेंडेल यांनी याच उपकरणावर तांबड्या पेशींमधला मेद पसरवला. हिशेब साधा होता. पेशी किती, त्यांचं एकूण पृष्ठफळ किती आणि त्यांच्यातून काढलेला मेद पाण्यावर एका थरात पसरला तर तो किती जागा व्यापतो? उत्तर आलं, बरोबर दुप्पट! म्हणजे पेशीभोवती मेदाचा एक नाही, तर एकावर एक असे दोन थर असले पाहिजेत.

गंमत अशी, की या प्रयोगात दोन चुका होत्या. त्यांनी वापरलेल्या अॅसिटोनमध्ये सगळा मेद निघालाच नव्हता आणि पेशीचं पृष्ठफळही त्यांनी खऱ्यापेक्षा कमी धरलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडून काढलं आणि उत्तर बरोबर आलं. गणिताच्या पेपरात याला मार्क मिळाले नसते.

तर्री आणि पटल यांत फरक काय?

मिसळीच्या रश्श्यावर तर्री तरंगते, कारण तेलाला पाणी आवडत नाही. पण पटलातला मेद साध्या तेलासारखा पूर्ण पाण्याविरुद्ध नसतो. त्याला फॉस्फोलिपिड म्हणतात. त्याच्या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्यात फॉस्फेट असतं, त्याला पाणी आवडतं. शेपट्या मेदाम्लांच्या, त्या पाण्यापासून दूर पळतात.

असे कोट्यवधी रेणू पाण्यात सोडले, तर ते काय करतील? शेपट्यांना पाणी नको आणि पाणी तर चहूबाजूंनी आहे. मग ते दोन रांगांत उभे राहतात. शेपट्या आतल्या बाजूला, एकमेकींसमोर. डोकी बाहेर, पाण्याकडे. वरच्या रांगेची डोकी रक्ताकडे, खालच्या रांगेची पेशीच्या आतल्या द्रवाकडे. ही रचना कुणी विटांसारखी रचत नाही. पाण्यामुळे ती आपली आपण तयार होते आणि बारीक भोक पडलं तर बहुतेक वेळा आपली आपण बुजतेही.

पटलाची जाडी किती? ५ ते १० नॅनोमीटर. तांबड्या पेशीच्या रुंदीच्या साधारण हजाराव्या भागाइतकी.

एवढ्या पातळ आवरणाने काय काय सोसायचं? तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते. तिला ज्या केशवाहिन्यांतून जायचं असतं त्यातल्या काही तिच्याहून अरुंद असतात. प्लीहेतल्या फटी तर त्याहून कितीतरी बारीक. पेशी तिथून दुमडून, चेपून, लांबुळकी होऊन जाते आणि पलीकडे पुन्हा पहिल्यासारखी होते. साधारण १२० दिवस हेच चालतं.

इथे मेदाचा मऊपणा कामाला येतो. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं, पण करडईचं तेल पातळच राहतं. कारण खोबरेलातल्या मेदाम्लांच्या शेपट्या सरळ असतात, त्या एकमेकींना घट्ट चिकटतात. करडईतल्या शेपट्यांना मध्येच बाक असतो, त्यामुळे त्यांना नीट चिकटता येत नाही. पटलात दोन्ही प्रकारच्या शेपट्या असतात. शिवाय मध्ये मध्ये कोलेस्टेरॉल असतं. हार्ट अटॅकच्या बातम्यांनी या कोलेस्टेरॉलला पुरतं बदनाम केलंय, पण तांबड्या पेशीच्या पटलात त्याचे रेणू जवळपास फॉस्फोलिपिडच्या बरोबरीने असतात. पटल फार पातळही होऊ द्यायचं नाही आणि थिजूही द्यायचं नाही, हे त्याचं काम.

पण नुसत्या मऊपणाने पेशी पुन्हा मूळ आकारात येणार नाही. त्यासाठी पटलाला आतून एक जाळी लावलेली असते. क्रिकेटच्या नेटसारखी, पण लवचीक. तिच्या मुख्य प्रथिनाचं नाव स्पेक्ट्रिन. इंग्रजीत ‘स्पेक्टर’ म्हणजे भूत, आणि हे प्रथिन त्या ‘भुतां’मधूनच वेगळं काढलं होतं, म्हणून हे नाव. ही जाळी किंवा तिला पटलाशी बांधणारी प्रथिनं जन्मतः सदोष असतील, तर पेशी बशीसारखी न राहता गोल चेंडूसारखी होते. मग ती प्लीहेतल्या फटीत अडकते आणि तिथेच मोडीत निघते. अशा पेशंटना सतत अशक्तपणा आणि कावीळ असते. लोह कितीही घेतलं तरी फरक पडत नाही, कारण बिघाड आवरणात असतो.

भिंतीतली दारं

मेदाची भिंत झाली, पण नुसत्या भिंतीने पेशी उपाशी मरेल. काही गोष्टी भिंतीतून तशाच जातात. ऑक्सिजन त्यातला एक. त्याचा रेणू छोटा, त्याच्यावर विद्युतभार नाही, त्याला मेदाची भिंत अडवत नाही. पण सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, ग्लुकोज यांना दार लागतं. ही दारं प्रथिनांची असतात. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात एक आकडा आहे. माणसाच्या तांबड्या पेशीच्या पटलात वजनाने साधारण ५२ टक्के प्रथिनं आणि ४० टक्के मेद असतो. म्हणजे ज्याला आपण ‘मेदाचं पटल’ म्हणतो, त्यात निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचं आहे.

ही प्रथिनं मेदात कशी बसलेली असतात, यावर बराच काळ वाद होता. १९३५ साली आलेली एक कल्पना सँडविचची होती. मध्ये मेद, दोन्ही बाजूंना प्रथिनांचे स्लाइस. १९७२ मध्ये एस. जे. सिंगर आणि गार्थ निकोल्सन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेगळं चित्र मांडलं. प्रथिनं वरून फासलेली नाहीत, ती मेदाच्या थरात रुतलेली आहेत. काही तर आरपार. आणि मेद स्थिर नसून द्रव आहे, त्यामुळे त्यातली बरीचशी प्रथिनं सरकत असतात. दोन वर्षं आधी, १९७० मध्ये, फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडून पाहिली होती. ४० मिनिटांत दोघांची पटलातली प्रथिनं एकमेकांत मिसळून गेली. सँडविचमध्ये असं होत नाही.

तांबड्या पेशीतली काही दारं बघण्यासारखी आहेत. ‘बँड ३’ नावाच्या प्रथिनाच्या दहा लाखांच्या आसपास प्रती एकेका पेशीत असतात. शरीरात तयार होणारा बराचसा कार्बन डायऑक्साइड तांबड्या पेशीत शिरून बायकार्बोनेट बनतो. हे दार ते बायकार्बोनेट बाहेर सोडतं आणि बदल्यात क्लोराइड आत घेतं. फुप्फुसात पोचल्यावर उलटा व्यवहार होतो. आत्ता हे वाचताना सोडलेला श्वास याच दारातून आलाय.

पाण्याचं दार सापडलं ते चुकून. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर अॅग्री आरएच प्रथिनाचा, म्हणजे आपल्या ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’चा शोध घेत होते. नमुन्यात सारखं एक नको असलेलं प्रथिन येत होतं. ते टाकून द्यायच्या ऐवजी त्यांनी त्याचाच पाठपुरावा केला आणि १९९२ मध्ये सिद्ध केलं, की ही पाण्याची वाहिनी आहे. नाव ठेवलं अॅक्वापोरिन. एका वाहिनीतून सेकंदाला साधारण ३०० कोटी पाण्याचे रेणू जाऊ शकतात. २००३ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यासाठीच मिळालं.

आणखी एक प्रथिन दार नसून पंप आहे. ऊर्जा खर्चून तो ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत ओढतो. रक्तपेढीतली पिशवी फ्रिजमध्ये ठेवतात तेव्हा थंडीने हा पंप मंदावतो आणि पेशीतलं पोटॅशियम हळूहळू झिरपत पिशवीत येतं. पिशवी ३५ किंवा ४२ दिवसांनी बाद करावी लागते. त्यामागे एकच कारण नसलं, तरी पटलाची ही थकत जाणारी अवस्था त्यात मोठी आहे. रक्त साठवून ‘स्टॉक’ करता येत नाही, ते सतत कुणीतरी द्यावं लागतं, ते यामुळेच.

खुंटी नसेल तर?

आता आपण साखरेपाशी आलो. पटलाच्या बाहेरच्या बाजूला, आणि फक्त बाहेरच्याच बाजूला, मेदांना आणि प्रथिनांना साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या लटकलेल्या असतात. वजनाने जेमतेम ८ टक्के. पण पेशीची ओळख याच साखळ्यांवर असते.

अशा काही साखळ्यांच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर बसवली जाते. ती बसली की तयार झालेल्या टोकाला ‘एच’ म्हणतात. एचला खुंटी समजा. ए ग्रुपच्या माणसाच्या शरीरात या खुंटीवर एक जास्तीची साखर अडकवली जाते. बी ग्रुपच्या माणसात दुसरी साखर. एबीमध्ये काही खुंट्यांवर ही, काहींवर ती. आणि ओ? ओ म्हणजे रिकामी खुंटी. अडकवायला काहीच नाही, पण खुंटी जागेवर आहे.

बॉम्बे गटात खुंटीच नसते. फ्युकोज बसवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांच्या शरीरात तयार होत नाही. कारण त्याचं जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बिघडलेलं आलेलं असतं. आता त्या माणसाकडे ए किंवा बीचं जनुक अगदी ठणठणीत असलं तरी उपयोग शून्य. अडकवायचं कशावर?

यामुळे संकट कसं उभं राहतं? आपल्या शरीरात जे नाही, तशा साखरांविरुद्ध आपण लहानपणापासून प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज बनवून ठेवतो. पोटातल्या जिवाणूंच्या अंगावर अशाच साखरा असतात, त्यांना बघून शरीर शिकतं असं मानतात. ए ग्रुपचा माणूस बीविरुद्ध बनवतो. ओ ग्रुपचा दोन्हींविरुद्ध. बॉम्बे गटाचा माणूस ए, बी आणि शिवाय एच, तिन्हींविरुद्ध. त्याच्या शरीराला खुंटीसुद्धा परकी वाटते. आणि उघड्या खुंट्या सगळ्यात जास्त कुणाच्या पेशींवर? ओ ग्रुपच्या!

चुकीचं रक्त चढलं, तर नक्की काय होतं?

प्रतिपिंडं पेशीवरच्या साखरेला जाऊन चिकटतात. ती चिकटली की रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची फौज जागी होते. एकामागून एक प्रथिनं येतात आणि शेवटी पटलात आरपार एक नळी ठोकतात. आतापर्यंत वाचलेली सगळी व्यवस्था, भिंत, दारं, पंप, या एका भोकाने निकामी होते. पाणी आत घुसतं, पेशी फुटते. म्हणजे प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ जी भुतं बनवतात, तीच आता पेशंटच्या शिरांमध्ये तयार होऊ लागतात. सांडलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडावर आदळतं, लघवी गडद होते, रक्तदाब कोसळतो. हे सगळं काही मिनिटांत सुरू होऊ शकतं.

म्हणून रक्त चढवताना पहिली काही मिनिटं नर्स पेशंटजवळ थांबून बघते. थंडी वाजते का, कंबर दुखते का, हे विचारते. अनेकांना तो उगाच केलेला सोपस्कार वाटतो. तो सोपस्कार नाही.

टेस्टमध्ये हे सुटतं कसं?

रक्तगट तपासताना पेशींवर ए आणि बी ओळखणारे द्राव टाकतात. गुठळ्या झाल्या तर ए किंवा बी, नाही झाल्या तर ओ. बॉम्बे गटाच्या पेशीवर ए नाही, बीही नाही. गुठळी होणार नाही आणि कागदावर लिहिलं जाईल ‘ओ’. शिबिरातल्या किंवा घाईतल्या तपासणीत हे सहज होऊ शकतं. बॉम्बे गटाची कित्येक माणसं आयुष्यभर स्वतःला ओ समजत राहू शकतात.

खरा प्रकार उघड होतो तो उलट तपासणीत. पेशंटच्या रक्तातला पिवळसर द्रव घेऊन त्यात ओळखीच्या पेशी टाकायच्या. ओ ग्रुपच्या खऱ्या माणसाचा द्रव ओच्या पेशींना हात लावत नाही. बॉम्बे गटाचा द्रव मात्र त्यांच्याही गुठळ्या करतो. क्रॉस-मॅच करताना पिशवीमागून पिशवी जुळत नाही, तेव्हाही शंका येते. मग एच ओळखणारा द्राव टाकून खात्री करतात. तो एका काटेरी झुडपाच्या बियांमधून काढलेला असतो, हे अनेकांना माहीत नसेल.

हा गट अशा रीतीने लपतो, त्याचा आणखी एक परिणाम होतो आणि तो फार वाईट असू शकतो. समजा आई बॉम्बे गटाची आहे. तिच्याकडे बीचं जनुक आहे, पण ते दिसत नाही, म्हणून रिपोर्टवर ‘ओ’. वडील ए. बाळाला वडिलांकडून धडधाकट एच मिळतो, खुंटी तयार होते आणि आईचं लपलेलं बी तिच्यावर दिसू लागतं. बाळाचा गट येतो एबी. पुस्तकी तक्त्याप्रमाणे ‘ओ’ आईला एबी मूल होऊच शकत नाही. अशा वेळी घरात संशयाचं भूत शिरायला वेळ लागत नाही. फक्त रक्तगटाच्या तक्त्यावरून कुणाच्याही आईबापांबद्दल निष्कर्ष काढू नये, तो यासाठी.

मग रक्त मिळतं कुठून?

बॉम्बे गटाला बॉम्बेचंच रक्त लागतं. त्यातही पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघावं लागतं, कारण आरएच प्रथिनाचा या साखरेशी काही संबंध नाही.

१९८० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या शास्त्रज्ञांनी कच्च्या कॉफीच्या बियांमधल्या एका विकराने बी ग्रुपच्या पेशीवरची जास्तीची साखर कापून टाकली आणि तिचं ओमध्ये रूपांतर करून दाखवलं. कल्पना भारी होती, अजूनही त्यावर काम चालू आहे. पण बॉम्बे गटाला त्याचा फायदा नाही, कारण कापल्यावर उरते ती खुंटीच.

ठरलेलं ऑपरेशन असेल, तर पेशंटचंच रक्त आधी काढून ठेवता येतं. दुर्मीळ गटाचं रक्त गोठवूनही ठेवतात. तेव्हा त्यात ग्लिसरॉल घालतात. ते पटलातून आत जातं आणि बर्फाचे टोकदार स्फटिक पेशी फाडणार नाहीत याची काळजी घेतं. असं रक्त वर्षानुवर्षं टिकतं, मात्र ही सोय सगळ्या रक्तपेढ्यांत नसते. अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव अशा वेळी शेवटी फोनच फिरवावे लागतात.

व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पुढे ढकलायला हरकत नाही, पण त्याआधी तारीख बघा. महिनोन्‌महिने फिरणाऱ्या जुन्या मेसेजमुळे खऱ्या डोनरचा फोन विनाकारण वाजत राहतो. आणि पेशंट ओळखीतला असेल तर सगळ्यात आधी विचारा, सख्खी भावंडं किती? आई-वडील दोघंही हे बिघडलेलं जनुक बाळगणारे असतील, पण स्वतः बॉम्बे गटाचे नसतील, तर प्रत्येक भावंड बॉम्बे गटाचं असण्याची शक्यता चारात एक असते. बाहेरच्या १० हजार लोकांत शोधण्यापेक्षा ती कितीतरी जास्त आहे. त्या भावाच्या किंवा बहिणीच्या कार्डावर बहुधा ‘ओ’ लिहिलेलं असेल. एचची तपासणी मात्र कधी झालेली नसेल.